प्रेम म्हणजे उचल नव्हे

आपल्या घरांत सध्या एका दोषाची सद्गुण म्हणून पूजा चालली आहे. या दोषाला मराठीत अजून नीट नाव पडलेले नाही. 'परफेक्शनिझम' हा शब्द आपल्याकडे आला तोही मिरवण्यासाठी. नोकरीच्या मुलाखतीत "माझा दोष म्हणाल तर मला सगळे अचूकच लागते" असे सांगून उमेदवार दोषाच्या नावाने स्वतःची स्तुती करून घेतात. मी त्याला निर्दोषतेचा अट्टाहास म्हणेन. प्रस्तुत लेख त्या अट्टाहासाच्या विरोधात आहे. आणि ज्या घरांनी, शाळांनी व व्यासपीठांनी त्याला खतपाणी घातले, त्यांच्याही विरोधात आहे.

प्रथम आपल्या बीड जिल्ह्याकडे पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथली हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात व उन्हाळा लागला की परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. हंगामापूर्वी मुकादमाकडून 'उचल' घ्यायची आणि ती अंग मोडून फेडायची. एक दिवस आजारपणाने कामावर गेले नाही, तर तो 'खाडा'; त्यापायी ५०० ते १,००० रुपये कापले जातात. या खाड्याची दहशत किती खोल जाते, हे २०१९ साली उघडकीस आले. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीचे दुखणे नको, खाडा नको, हेही त्यामागचे एक कारण होते. जेथे देहाला चुकण्याची, थकण्याची मुभा नाही, तेथे निर्दोषतेची मागणी कोणते रूप घेते ते यावरून कळावे.

आता या जिल्ह्यातले आईबाप मुलांना शिकवू पाहतात. आपल्या हातातला कोयता लेकरांच्या हाती जाऊ नये, ही त्यांची इच्छा पवित्र आहे; तिला कोणी हसू नये. परंतु कोयता घरातून गेला तरी मुकादमाची वही घरातच राहते, हे दुर्दैव आहे. "तुझ्यासाठी आम्ही हाडांची काडे केली", "तुझ्या शिकवणीपायी रान गहाण टाकले", ही वाक्ये आपण मायेने बोलतो. मुलाच्या कानी ती कशी पडतात? त्याच्या लेखी आईबापाची माया ही उचल ठरते. ती गुणांच्या रूपाने फेडायची असते. चाचणीत चार गुण कमी पडले की खाडा. कर्ज वाढत जाते, आणि मूल अकराव्या वर्षापासून वेठबिगार होते. ही गत केवळ ऊसतोड कुटुंबांची नाही. शिक्षकांच्या, परिचारिकांच्या, कारकुनांच्या घरांतही वही तीच. फक्त पुठ्ठा चांगला.

शेजारच्या लातूरने शिकवणीची एक रीतच देशाला दिली. अंबाजोगाई, परळी, केज या भागांतील कुटुंबे मुलांसाठी लातूरला खोली घेऊन राहतात. त्या अभ्यासाला मी नावे ठेवत नाही. त्यातून गरिबांची मुले डॉक्टर झाली आहेत. पण २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले आणि त्यांपैकी ११३ एकट्या लातूर विभागातले होते, ही बातमी आपण कशी वाचतो ते पाहण्यासारखे आहे. ज्या लेकराला ब्याण्णव टक्के पडले त्याच्या घरी त्या दिवशी सुतकी शांतता होती. सर्वोत्तम पाच विषयांचे गुण आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण मिळून शंभराचा आकडा तयार होतो, हे ठाऊक असूनही आपण त्याला माणसाचे माप मानतो. शंभर ही पूर्वी परीक्षेची कमाल होती. आता ती किमान होऊ पाहत आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कष्ट, नेटकेपणा, कामातली कसोशी यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. उत्तम गवंडी ओळंबा लावतो; भिंत सरळ यावी ही त्याची हौस असते. पण भिंत तसूभर वाकडी आली म्हणजे आपण जगण्यास लायक उरलो नाही, असे ज्याला वाटते तो गवंडी आजारी आहे. कसोशीचे लक्ष कामाकडे असते, अट्टाहासाचे लक्ष स्वतःच्या अब्रूकडे. म्हणूनच अट्टाहासाने काम सुधारत नाही. वही स्वच्छ नाही म्हणून पान फाडून पुन्हा लिहिणारी मुलगी धडा पुढे नेत नाही. पहिले उत्तर मनासारखे जमेना म्हणून मुलगा त्यातच तासभर अडकतो आणि उरलेला पेपर कोरा ठेवून येतो. चूक होईल या भयाने कामाला हातच न लावणे, हेही त्याच रोगाचे लक्षण. घरचे त्याला आळस म्हणतात आणि आणखी फटकारतात.

मानसशास्त्रज्ञांनी या विषयाचा बारकाईने अभ्यास केला आहे. पॉल हेविट व गॉर्डन फ्लेट या कॅनडातील संशोधकांनी १९९१ मध्ये या अट्टाहासाचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून निर्दोषतेची मागणी करणे, इतरांकडून ती करणे, आणि इतर लोक आपल्याकडून ती करीत आहेत असे वाटणे. तिसरा प्रकार सर्वांत घातक, कारण त्यात माणूस सदैव न्यायालयात उभा असतो. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथील ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या १९८९ ते २०१६ या काळातील उत्तरांचा एकत्र अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, आणि सर्वाधिक वाढ याच तिसऱ्या प्रकारात होती. ती आकडेवारी आपल्याकडची नव्हे, हे खरे. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आपलीच आहे. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपवले. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले. प्रत्येक मृत्यूची कारणे अनेक असतात, आणि सारा दोष परीक्षेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही एवढ्या लेकरांना आपण अपुरे ठरलो असे वाटावे आणि ते सांगायला घरात जागा नसावी, याचा विचार आपण करणार की नाही?

यावर आपल्याकडे जे उपाय सांगितले जातात, त्यांतील बहुतेक दुखण्यात भर घालणारे आहेत. गावोगावी प्रेरणादायी व्याख्याने होतात. वक्ते टाळ्या घेत सांगतात, "नकारात्मक विचार मनातून काढून टाका." विचार काढून टाकता येतो काय? अमेरिकेतील डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना सांगितले, पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. बिचाऱ्यांना ते अस्वल सोडीना. आणि नंतर मोकळीक दिली तेव्हा तर त्याचा विचार अधिकच येऊ लागला. जे अस्वलाचे, तेच नापास होण्याच्या भयाचे. मुलाला "घाबरू नकोस" म्हणणे म्हणजे त्याच्या चुकांच्या यादीत घाबरण्याची आणखी एक चूक नोंदवणे होय.

याउलट एक शहाणा मार्ग गेल्या काही दशकांत पुढे आला आहे. अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठाचे स्टीव्हन हेज आणि त्यांचे सहकारी कर्क स्ट्रोसाल व केली विल्सन यांनी १९९९ मध्ये त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठीत त्याला स्वीकार आणि वचनबद्धतेची उपचारपद्धती म्हणता येईल. तिचे म्हणणे थोडक्यात असे: दुःखद विचार आणि भीती यांना हुसकावण्यात आयुष्य खर्ची घालू नका. ती आली आहेत, हे मान्य करा. ती तुमच्या मनात आहेत, पण ती म्हणजे तुम्ही नव्हे, हे ओळखा. मग तुम्हाला जीवनात खरोखर काय मोलाचे वाटते ते ठरवा, आणि भीती सोबत असतानाच त्या दिशेने एक पाऊल टाका.

हेज यांनी यासाठी बसचा दृष्टान्त दिला आहे. तो आपण आपल्या एस. टी.त बसवू. चालक बीडहून अंबाजोगाईला निघाला आहे. गाडीत काही दांडगे उतारू चढले. एक ओरडतो, "तुला जमणार नाही." दुसरा म्हणतो, "लोक काय म्हणतील?" तिसरा दरडावतो, "मागे फिर." चालकाने त्यांना खाली उतरवण्यासाठी भांडण मांडले, तर गाडी मांजरसुंब्याच्या घाटातच उभी राहील. त्यांचे ऐकून वळला, तर रस्ता त्यांचा झाला. तिसरा मार्ग आहे. ते ओरडू द्यावेत, त्यांना आसन द्यावे, पण चाक आपल्या हाती ठेवावे. नेकनूर येईल, केज येईल, आणि गाडी अंबाजोगाईच्या स्थानकात शिरेल, उतारूंसकट. त्यांनी ओरडणे थांबवल्यावरच गाडी हाकीन असे म्हणणारा चालक कोठेच पोहोचत नाही.

या पद्धतीत लहान लहान अभ्यास आहेत. "मी नालायक आहे" असे मनात आले, तर "मी नालायक आहे असा विचार माझ्या मनात आला आहे" असे म्हणायचे. एवढ्या शब्दांनी माणूस आणि विचार यांच्यामध्ये हातभर जागा होते. किंवा ज्या शब्दाने काळजाचे पाणी होते तो शब्द, समजा 'नापास', अर्ध्या मिनिटापर्यंत भराभर मोठ्याने म्हणत राहायचे. थोड्याच वेळात त्यातला डंख कमी होतो आणि उरतो केवळ ध्वनी. अट्टाहासी मुलाला वही मुद्दाम एका खाडाखोडीसह शिक्षकांकडे देण्यास सांगतात, आणि मनात उठणारी बेचैनी न पळता पाहण्यास शिकवतात. हे पोरखेळ वाटतील. पण पोहणे शिकवताना पाण्यावर व्याख्यान देत नाहीत, पाण्यात उतरवतात.

या पद्धतीला मी रामबाण म्हणत नाही. या विशिष्ट दोषावर तिची कसोटी पाहणारा एक प्रयोग २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात ५३ जण होते आणि उपचाराच्या दहा बैठका होत्या. उपचार घेतलेल्यांना लाभ झाला, पण एका लहान प्रयोगावर मोठा दावा उभारू नये. ज्याला झोप नाही, अन्न जात नाही, जगणे नकोसे झाले आहे, त्याला लेख वाचायला न देता डॉक्टरांकडे न्यावे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे. तेथे जाण्यात लाज कसली? पाय मोडला तर हाडवैद्याकडे जाताना आपण शेजाऱ्यांची परवानगी घेत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप: स्वीकार म्हणजे हार मानणे, मुले यामुळे आळशी होतील. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आष्टी-पाटोद्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे पाहावे. मृगात पेरले, पावसाने ओढ दिली, कोंब करपले. आता पहिली पेरणी गेली हे जो मान्य करतो, तोच दुबार पेरणीची तयारी करतो. जो मान्य करीत नाही, तो बांधावर बसून आभाळाला शिव्या देतो. आळशी कोण?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गरिबाला स्वीकार शिकवणे म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसायला शिकवणे नव्हे काय? तसे कोणी शिकवीत असेल, तर त्याचा निषेधच केला पाहिजे. ऊसतोड बाईने खाडा स्वीकारू नये; तिच्या गर्भाशयाचा सौदा तर मुळीच नाही. स्वीकार करायचा तो आपल्या मनातील भीतीचा, दुःखाचा, अपुरेपणाच्या जाणिवेचा. त्यांच्याशी झुंजण्यात जी शक्ती जाते ती मोकळी झाली, तरच मुकादमासमोर उभे राहण्याचे बळ येते. भीती संपल्यावर बोलू असे म्हणणारा कधीच बोलत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या धर्मग्रामांतून येतो. हे पाश्चात्त्य शास्त्र कशाला? प्रार्थना पुरेशी नाही काय? आणि स्वर्गीय पित्यासारखे परिपूर्ण व्हा अशी प्रभूचीच आज्ञा नाही काय? हे वचन मत्तयच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी आहे, आणि त्याच्याइतका छळ फार थोड्या वचनांचा झाला असेल. मूळ ग्रीक शब्द 'तेलिओस'. त्याचा अर्थ पूर्णत्वास पोहोचलेला, परिपक्व. त्याआधीच्या ओळी पाहाव्यात. तेथे विषय आहे शत्रूवरील प्रीतीचा; चांगल्या आणि वाईट अशा दोघांवर सूर्य उगवणाऱ्या व पाऊस पाडणाऱ्या पित्याचा. लूकने हीच शिकवण नोंदवताना परिपूर्णतेच्या जागी दया हाच शब्द घातला आहे. म्हणजे येथे मागितली आहे ती प्रीतीची पूर्णता. पाऊस पाडताना कोणाचे रान किती स्वच्छ आहे हे जो पाहत नाही, त्या पित्याच्या नावाने आपण लेकरांच्या वह्या तपासतो!

प्रार्थनेविषयी म्हणाल, तर प्रार्थनेलाही हा रोग जडतो. संत इग्नाती लोयोला यांना १५२२ मध्ये मानरेसा येथे तो जडला होता. निवेदन केलेली पापे पुन्हा पुन्हा आठवत, नीट सांगितली नाहीत असे वाटे. यातना इतक्या वाढल्या की जीव देण्याचे विचार त्यांच्या मनात येऊ लागले. अधिक उपवासाने त्यांना आराम पडला नाही. जुनी पापे पुन्हा निवेदन करायची नाहीत असे त्यांनी ठरवले, तेव्हा ते मोकळे झाले. लायकीच्या याच भयाने पिढ्यान्‌पिढ्या भाविकांना ख्रिस्तशरीरापासून दूर ठेवले होते. अखेर परमगुरुस्वामी दहावे पायस यांच्या कारकिर्दीत २० डिसेंबर १९०५ च्या फर्मानाने वारंवार ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची वाट खुली झाली. आणि मराठवाड्याने तर हा धडा विसरूच नये. आपल्या भागात शुभवर्तमान आणणारे मिशनरी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने १८३८ मध्ये ॲनेसी येथे स्थापन झालेल्या संघाचे होते. या संताने १६०९ मध्ये प्रकाशित केलेल्या भक्तिजीवनाच्या ग्रंथात स्वतःच्या चुकांशीही सौम्यतेने वागण्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. स्वतःवर चरफडणे हे त्यांच्या मते अहंकाराचेच रूप. ज्यांच्या वारशाने आपण ख्रिस्ती झालो, त्यांचे एवढे तरी ऐकू या.

चौथा आक्षेप व्यवहाराचा आहे: गुण कमी पडले तर प्रवेश कोण देणार? खरे आहे, प्रवेशाची रेषा निर्दय असते. पण त्या रेषेशी झगडण्याचे बळ भयातून येत नाही, आणि रेषेच्या अलीकडे राहिलेल्या लेकराला रात्री भाकर वाढणारे घर लागते. परीक्षा निर्दय आहे म्हणून घराने निर्दय व्हावे, हा कोणता न्याय?

तेव्हा काही मागण्या मांडतो. धर्मग्रामांच्या गुणगौरव समारंभांतील फलकांवर टक्केवारी छापणे बंद करावे. गौरव करायचाच तर उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाचा करावा आणि अनुत्तीर्णांना पुन्हा बसण्यासाठी शिकवणीची सोय करावी. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली आहेत: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तेथे प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत पाणउतारा करू नये. आपल्या संस्थांनी त्यांची वाट न पाहता अंमलबजावणी करावी, आणि पालकांनी शाळेत जाऊन ती झाली काय ते विचारावे. घरात निकालाच्या दिवशी गुणांआधी जेवणाची चौकशी व्हावी. आईबापांनी आपल्या चुका मुलांदेखत हसत सांगाव्यात. चुकूनही माणूस उभा राहतो, हे मुलांना अन्यत्र कोठे पाहायला मिळणार? आणि "तुझ्यासाठी आम्ही किती केले" हे वाक्य निदान दहावी-बारावीच्या वर्षी तरी तोंडून काढू नये.

उचल फेडावी लागते, कारण ती मुकादमाने दिलेली असते. आईच्या पदराखाली मिळालेली ऊब, बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेली जत्रा, ही उचल नव्हे. तिचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. देवाची कृपा हिशेबाने येत नाही असे आपण दर रविवारी मिस्सेत मान्य करतो. मग सोमवारी लेकराच्या हाती वही देताना तिच्यात खाड्याचा रकाना आखून देऊ नये, एवढेच मागणे आहे.